करडी पेटी

अंबड,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अर्पितास मच्छिंद्रमामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझ्या हातानं झालेल्या वस्तू पुढीलप्रमाणे. मोसंबी निवडायची उतरती चाळणी, तीन मापांची. पायानं चालवायचा फवारणी पंप. कापूस वेचणाऱ्या बायांसाठी मानेला न काचणारी झोळी, आजपर्यंत नग एकशे चौदा. हळद दळताना न तापणारी गिरणी, जी अजून तापते. तेही लिहितो, यादी खरी असावी. आणि तुझ्या आईच्या शिलाई मशीनला बसवलेली जुन्या पंख्याची मोटार, जिच्यावर शिवलेल्या कपड्यांतून तुझी इंजिनिअरिंगची फी गेली.

यादी अशासाठी, की तुझ्या समितीनं लोकांचे अनुभव मागवायला जो फॉर्म काढला, त्यात पहिलाच रकाना शिक्षणाचा आहे. तिथं आठवी लिहिलं की पुढचं कुणी वाचत न्हाई. म्हणून फॉर्म कोरा परत करून राह्यलो आणि पत्र लिहितो. फोनवर सांगितलेलं माप दुसऱ्या दिवशी कुणाला सापडत न्हाई.

आता मुद्दा. आमच्या बाजूच्या एका खरेदी केंद्रावर यंदा कापसाची प्रत माणूस ठरवत न्हाई. वर कॅमेरा, खाली गाडी. एआय म्हणे फोटो बघतं आणि प्रतीची चिठ्ठी छापतं. अंतरवालीच्या चांगुणाबाईंचं दोन एकर रान आहे, शिवाय त्या दुसऱ्यांकडं वेचणीला जातात. कापूस त्यांना डोळे मिटून कळतो. त्यांनी मंगळवारी पांढऱ्या चादरीत बांधून माल नेला, पहिली प्रत मिळाली. शुक्रवारी त्याच रानातला, त्याच वेचणीचा उरलेला माल टेम्पोत पिवळी ताडपत्री अंथरून नेला. तिसरी प्रत, शेरा ‘पिवळसर’. बाईंनी तिथल्या माणसाला विचारलं की एका झाडाला दोन रंगांचा कापूस येतो का. तो म्हणाला, मशीन खोटं बोलत न्हाई. मशीन खोटं बोलत नसंल, पण तिला माझा कापूस न्हाई, ताडपत्री दिसून राह्यली, असं बाईंनी त्याला ऐकवलं आणि तिथून सरळ माझ्या वर्कशॉपात आल्या.

ऐकीव गोष्टीवर माझा भरवसा नसतो. मी स्वतः दोन दिवस जाऊन उभा राह्यलो. दुपारी बारा ते तीन ऊन ताडपत्रीवर पडतं आणि तिची झाक कापसावर चढते. बाई बराबर आहेत. पण दाद मागायची कुठं? तिथं दुसऱ्यांदा बघायची पद्धतच न्हाई. तुम्ही मुंबईत बसून एआयचे नियम लिहिता, म्हणून विचारतो. त्यात ‘पुन्हा बघा’ म्हणायचा हक्क कुणाला आहे का?

तुझी मामी विचारते की तिकडं भाकर मिळते का. दोन्ही प्रश्नांची उत्तरं दे. आहेस तशीच माया ठेव.

तुझा
मच्छिंद्रमामा


मुंबई,
३० नोव्हेंबर २०२४

ती. मच्छिंद्रमामांस अर्पिताचा सा. न., वि. वि.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: भाकरी मिळते, पण पोळीसारखी पातळ. मामीला सांगू नका, ती पिठाचा डबा घेऊन निघेल.

तुमचं पत्र मी समितीत मोठ्यानं वाचून दाखवलं. शिक्षणाचा रकाना काढून टाकला आहे. त्या जागी आता ‘या कामाचा अनुभव किती वर्षांचा’ असं विचारतो. गिरणी तापते हे वाक्य आमच्या अध्यक्षीणबाईंना फार आवडलं. असं लिहिणारा माणूस बाकीचंही खरं लिहितो, असं त्या म्हणाल्या.

आता तुमचा खरा प्रश्न. मसुद्यातला अकरावा परिच्छेद मी लिहिला आहे. यंत्रानं माल नाकारला किंवा प्रत उतरवली तर कारण मराठीत छापलं पाहिजे, आणि शेतकऱ्यानं मागितलं तर त्याच्या डोळ्यांदेखत फेरतपासणी झाली पाहिजे. समितीत सात जण आहेत, त्यांतले चार विरोधात. त्यांचं म्हणणं दुष्टपणाचं नाही, मामा. फेरतपासणी करायची कशानं, असं ते विचारतात. प्रयोगशाळा लांब, खर्च मोठा, तोवर गाडी रांगेत उभी. जागच्या जागी, दहा मिनिटांत आणि कुठल्याही गावात करता येईल अशी पद्धत मी २० जानेवारीच्या बैठकीत दाखवली नाही, तर परिच्छेद वगळला जाईल. या मसुद्यात तेवढाच एक परिच्छेद चांगुणाबाईंच्या बाजूचा आहे. तो गेला तर मी तिथं दोन वर्षं काय केलं, हे मला सांगता येणार नाही.

एक माणूस पाठवते आहे. त्या मशीनला कापूस ओळखायला शिकवणारी इंजिनिअर आपल्या अंबडचीच आहे. बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्या फकरोद्दीनचाचांची अंबरीन. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तुमचं पत्र वाचल्यापासून ती अस्वस्थ आहे आणि रजा काढून येते आहे. तिला ओरडू नका, निदान चहा होईपर्यंत.

तुमच्या सगळ्यांच्या मायेवरच इथं निभावते.

तुमची
अर्पिता


अंबड,
२२ डिसेंबर २०२४

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद, वि. वि.

अंबरीनला मी चहाच्या आधीच ओरडलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, मंग लॅपटॉप उघडला आणि स्वतःच सांगितलं की मशीनला शिकवायला वापरलेले चाळीस हजार फोटो एका हंगामातले आहेत आणि सगळे पांढऱ्या टेबलावर काढलेले आहेत. टेम्पो, ताडपत्री, धूळ, दुपार यातलं काही त्या मशीननं पाहिलेलंच न्हाई. चूक अशी कबूल करणारा इंजिनिअर मी पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर ओरडायला मजा राह्यली न्हाई.

उपाय मी सांगितला: कापूस गाडीत बघूच नका. वरून, मधून, खालून अशा तीन मुठी काढा आणि पेटीत बघा, म्हणजे ऊनही न्हाई आणि ताडपत्रीही न्हाई. पहिली पेटी आतून पांढरी रंगवली. झकास दिसली. मी चांगुणाबाईंना आणि त्यांच्या सोबतच्या दोघींना बोलावून घेतलं, जरा ऐटीतच. बाईंनी मुद्दाम पावसात भिजून डागाळलेला कापूस टाकला. पहिली प्रत. मातीत पडलेला टाकला. पहिली प्रत. बाई म्हणाल्या, मच्छिंद्रभाऊ, ही पेटी कॉपी चालू देणाऱ्या मास्तरासारखी आहे, सगळ्यांना पास करते. पांढऱ्या रंगावरून उजेड उसळतो हे मला आधी कळायला हवं होतं.

मंग करडा रंग. एक लिटर पांढऱ्यात काळा किती, हे सात वेळा चुकून आठव्यांदा जमलं. अंबरीननं इकडं मशीनला नवीन शिकवण दिली: पेटीतला करडा रंग आधी बघ, त्यावरून उजेड किती पिवळा आहे ते काढ, तेवढा वजा कर, मंग कापसाकडं बघ. माझ्या पान्यांच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून पोरगी आठ दिवस बसली होती. हे डोकं तिचं, त्यातलं माझं काही न्हाई. पण पेटी माझी.

दोनशे मुठी तपासल्या. आधी तिघी बायांनी एकमेकींना न सांगता प्रत लिहिली, मंग पेटीनं सांगितली. एकशे एक्याण्णव वेळा जुळलं. उरलेल्या नऊमध्ये सहा वेळा बायांचंच आपसात जमलं न्हाई. वेळ सहा मिनिटं. बावीस गेजचा पत्रा, नऊ वॅटचा दिवा. गावातला कुणीही वेल्डर दिवसभरात बनवील. नकाशा सोबत जोडला आहे.

माझं मागणं एकच. नियमात पेटीचा उल्लेख येईल तेव्हा ‘मच्छिंद्र पेटी’ असा यावा. आजवर ज्या वस्तू केल्या, त्या लोकांनी वापरल्या, नक्कल केली, विकल्या. नाव कुठंच लागलं न्हाई. पेटीवर मी रंगानं लिहूनही ठेवलंय. अक्षर चांगलं आलंय.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नको.

तुझा
मच्छिंद्रमामा


मुंबई,
४ जानेवारी २०२५

ती. मच्छिंद्रमामांस अर्पिताचा सा. न., वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

पेटीचा नकाशा आणि दोनशे मुठींचा तक्ता समितीपुढं ठेवला. विरोधातल्या चौघांपैकी दोघं वळले. मग मी सांगितलं की ज्यांनी ही पेटी केली ते माझे सख्खे मामा आहेत. ते मला सांगायलाच हवं होतं. आज लपवलं असतं तर उद्या कुणीतरी शोधून काढलं असतं, आणि पेटीसोबत परिच्छेदही बुडाला असता.

त्यावर ठरलं ते असं. पेटी नियमात घ्यायची तर तिचा नकाशा सगळ्यांना फुकट खुला पाहिजे. करणाऱ्यानं त्यातून पैसा घ्यायचा नाही, हक्क सांगायचा नाही, तसं सहीनिशी लिहून द्यायचं. आणि नाव द्यायचं नाही. सभासदाच्या नातेवाइकाचं नाव सरकारी नियमात आलं तर मी घरच्या माणसाचं भलं केलं असंच लोक म्हणतील. नियमात ‘करडी तपासणी पेटी’ एवढंच येईल.

मामा, तुम्हांला नाही म्हणता येतं. पेटीवर तुमचा हक्क आहे. पेटंट घ्या, विका, नाव लावा. मी परिच्छेद मागे घेईन आणि एका शब्दानं बोलणार नाही. आईच्या मशीनला मोटार बसवली तेव्हा तुम्ही तिला एकदाही बोलून दाखवलं नाही, हे ती आजही सांगते. तुमच्याकडून आणखी किती घ्यायचं, याची मलाच लाज वाटते. कागद सोबत आहे. सही करणार असाल तर १५ तारखेच्या आत मिळावा.

मामीला नमस्कार. माझ्यावर राग धरला तरी पत्र थांबवू नका.

तुमची
अर्पिता


अंबड,
१२ जानेवारी २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद, वि. वि.

राग आल्ता. चार दिवस होता. चौथ्या दिवशी तुझ्या मामीनं ताटाशेजारी तुझा कागद आणि पेन आणून ठेवला, त्यावरून तिचं मत काय ते समजलो. मधे एक पाहुणे येऊन गेले, त्यांचं पुढं कधी लिहीन.

काल चांगुणाबाई आल्या. त्यांना सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं, त्या माझ्या बाजूनं बोलतील. त्यांनी विचारलं की कापसाच्या गाठीवर वेचणारीचं नाव कधी पाहिलंय का. मी म्हणालो, न्हाई. तरी कापूस वेचला जातोच ना भाऊ, असं म्हणून त्या निघून गेल्या. अशी बाई समितीत पाहिजे.

सही करून कागद पाठवून राह्यलो. सोबत तुमच्या कार्यालयानं स्वच्छ काढलेला नकाशाही परत पाठवतो, कारण त्यात उंची सेहेचाळीस सेंटिमीटर लिहिली आहे. ती साडेपंचेचाळीस आहे. अर्ध्या सेंटिमीटरनं दिव्याची सावली मुठीवर पडते. नाव नसलं तरी चालंल, माप चुकलेलं चालणार न्हाई. सुधारून घे आणि मला कळव.

दोन दिवसांवर संक्रांत आहे. मामीनं तिळाचे लाडू वेगळे पाठवले आहेत. गोड तू बोलतेसच, खाऊन घे.

तुझा
मच्छिंद्रमामा


मुंबई,
२१ जानेवारी २०२५

ती. मच्छिंद्रमामांस अर्पिताचा सा. न., वि. वि.

काल परिच्छेद अकरा मंजूर झाला. बाजूनं पाच, विरोधात दोन. शेतकऱ्यानं मागितली की फेरतपासणी, त्याच्यासमोर, करड्या पेटीत, आणि कारण मराठीत. उंची साडेपंचेचाळीस. मी ती छापलेली स्वतः दोनदा तपासली.

अंबरीनला फोन केला तेव्हा ती आधी रडली, मग हसली. तिची कंपनी तिच्यावर नाराज आहे, पण कारण सांगायला तयार नाही. तुम्हांला काही ठाऊक आहे का? नवीन फोटोंतल्या कापसाची प्रत ठरवायला तिला चांगुणाबाईंसारख्या वीस बायांना पगारावर घ्यायचं आहे. एवढं तरी ती मंजूर करून घेईल असं म्हणते.

बैठकीनंतर अध्यक्षीणबाईंनी मला विचारलं की तुमच्या मामांनी बदल्यात काहीच मागितलं नाही का. मी म्हणाले, अर्धा सेंटिमीटर मागितला.

तुमच्या आशीर्वादाची धनी,
अर्पिता


अंबड,
२९ जानेवारी २०२५

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. मामीनं दोनदा वाचून घेतलं, तुझ्या आईनं फोनवर एकदा. पेटीवरचं नाव मी पॉलिश पेपरनं घासून काढलं आणि वर दोन हात करडा मारला. सध्या चौथी पेटी करून राह्यलो. हसनाबादचा एक वेल्डर नकाशा घेऊन आल्ता, त्याला रंगाचं प्रमाण समजावून दिलं. तो मला विचारत होता की ही पेटी काढली कुणी. मी म्हणालो, सरकारी आहे.

अंबरीनला सांभाळ. पोरगी एकटी पडू नये. येत जा, लिहीत जा, माया आहे तेवढी पुरते.

तुझा
मच्छिंद्रमामा

ता. क. तू विचारलंस म्हणून, आणि आता परिच्छेद मंजूर झाला म्हणून लिहितो. ९ जानेवारीला अंबरीनच्या कंपनीचे एक साहेब तिला सोबत घेऊन वर्कशॉपात आल्ते. त्यांनी आणलेला कराराचा कागद इंग्रजीत होता. साहेबांसमोरच ती म्हणाली, ‘मामा, तिसरं पान नीट वाचा.’ मोटारींची पुस्तकं वाचून शिकलेलं इंग्रजी कामाला आलं. तिसऱ्या पानावर होतं की पंधरा वर्षं कंपनीशिवाय कुणी ही पेटी बनवायची न्हाई. त्यांचं देणं असं होतं: राज्यातल्या प्रत्येक पेटीवर पितळी पाटी, पाटीवर ‘मच्छिंद्र पेटी, अंबड’ असं कोरलेलं, आणि सही केल्याबरोबर चेक. मी न्हाई म्हणालो. चेक लिहून आणलेला होता, अकरा लाख एक्कावन्न हजार रुपयांचा.