खिडकीतली खाचरं

सर,

तुमच्या मागे तुमच्या चित्रांचा लिलाव झाला. मी रजा टाकून, मुद्दाम गेले होते. पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या फ्लेमिश चित्रकारांनी रंगवलेल्या मेरी आणि बाळ येशूच्या नकला, सगळ्या तुमच्या सहीच्या, भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. "अस्सल नाहीत, नंतरच्या नकला. म्हणून तर परवडतात," असं तिथला माणूस सेलमधल्या साड्या दाखवाव्यात तसं सांगत होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्यातलं एक चित्र माझं होतं. रिहे गावातल्या तुमच्या शेतघराच्या ओसरीवर, तुमच्या जाडजूड परदेशी पुस्तकात बघून, मी ते पावसाळाभर काढत होते. मेरीच्या मागच्या खिडकीत पुस्तकात नदी होती; मी समोर दिसणारी भातखाचरं काढली. तुम्ही सगळ्या विद्यार्थ्यांसमोर ओरडलात, "नक्कलसुद्धा धड जमत नाही तुला! चित्रकार व्हायचं डोक्यातून काढून टाक." बाळाचा हात मला साधत नव्हता, तर माझा ब्रश हिसकावून घेतलात आणि पाच-सहा फटकाऱ्यांत तो काढून मोकळे झालात. महिन्याभरानं चित्राखाली सही तुमची. मी ब्रश सोडला आणि हिंजवडीत नोकरी धरली.

ते चित्र मी घेतलं, सर. दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. हे बघायला तुम्ही हवे होतात.

कासार आंबोलीच्या माझ्या घरी ते टेबलावर ठेवलं, तर कामाला येणाऱ्या मावशी फडकं हातात घेऊन तिथंच थांबल्या. त्या रिह्याच्याच.

"ताई, ही बाई कोन मला न्हाई ठावं, पर मागची खाचरं आमचीच हायेत की! ह्यो बांध माज्या सासऱ्यानं घातलाय. कुनी काढलं वो?"

"मी," मी म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मंग खाली नाव कुनाचं?"

त्या गेल्यावर टर्पेंटाइनमध्ये बोळा बुडवून मी तुमची सही पुसली. घाईत व्हार्निशवरच केली होतीत, सहज निघाली. मजा आली, खोटं कशाला बोलू.

आता माझी सही करायला बसलेय, पण नजर राहून राहून बाळाच्या हाताकडे जाते. आईचं बोट धरलेला तो गुबगुबीत हात. तोही खरवडून नव्यानं काढायचा ठरवलं होतं. आधी कागदावर काढून बघितला, चारदा. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणून सांगते. सर, मला तो अजूनही येत नाही.