उघड्या पाठीच्या लाव्या

ता. १२, सोमवार

जावईबापूंना आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असं धरते. तुमचं पत्र मिळालं. "रविवारी घ्यायला येतो, तयार ठेवा." एवढी एकच ओळ. मला एका ओळीत जमायचं नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा वेलांटी-उकार सांभाळून घ्या.

आधी तुमच्या लावा पक्ष्यांचं सांगते. तुम्ही हौसेनं आठ आणून दिलेत, तीन नर नि पाच माद्या. वर दारात उभं राहून सांगितलंत, "नर जास्त असले की अंडी जास्त, आई." मी ऐकलं. पक्ष्यांच्या खाद्याचं दुकान चालवणारा माणूस, त्याला नाही कळणार तर कुणाला?

महिन्याभरात माद्यांच्या पाठी उघड्या पडल्या. डोक्यावरची पिसं गेली, मानेवर खपल्या धरल्या. मुठीएवढा तो जीव, एक नर उतरला की दुसरा चढतो, आणि चढताना चोचीत मान धरतो. मला वाटलं, उवा झाल्यात. रोज एकेकीला धरायची, तेल चोपडायचं, परत आत सोडायची. दाणा वाढवला. खाऊनपिऊन भरून निघेल म्हटलं. त्यातली एक फार गरीब, कोपऱ्यात तोंड खुपसून बसायची. ती मेली.

दुसऱ्या दिवशी मी दुसरीला तेल लावत होते. आमची पोर धाकट्याला कडेवर घेऊन बघत उभी होती. म्हणाली, "आई, परत त्यातच सोडतेस?"

"मग काय उशाशी घेऊन झोपू?"

"नर बाहेर काढ ना."

एवढंच बोलली नि आत गेली.

मी तेलाचे हात घेऊन तिथंच बसले. गेल्या खेपेला, दुसऱ्या बाळंतपणानंतर, ती आली होती आठवतं? केस गळून कपाळ मोठं दिसायला लागलं होतं. तुम्ही न्यायला आलात तेव्हा मोरीत मला धरून म्हणाली होती, "दोन महिने राहू दे गं." मी काय केलं? डोक्याला लावायला तेलाची बाटली बांधून दिली नि गाडीत बसवली. मीच. तुम्ही तर नुसता हॉर्न वाजवत होता.

त्याच दुपारी नर बाहेर काढले. तिघं एकत्र ठेवले तर एकमेकांचे डोळे फोडायला उठले. आता तीन खोकी, मधे पुठ्ठे, एकाला दुसरा दिसत नाही. दिवसभर कोकलतात. कोकलू देत, मी कान देत नाही. माद्यांना काट्यांसारखी नवी पिसं फुटायला लागलीत. आणि अंडी? चालूच आहेत की! खायच्या अंड्याला नर लागत नाही, जावईबापू. हे तुमच्या दुकानात पाटीवर लिहा.

आता तुमच्या ओळीचं उत्तर. साडेतीन वर्षांत तीन बाळंतपणं. डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासमोर सांगितलं होतं, दोन वर्षं जपा. तुम्ही "हो हो" म्हणालात नि धाकटा झाला. परवा तिला न्हाऊ घालताना माझा हात मानेला लागला, तर अशी अंग चोरून सरकली की माझ्या हातातला तांब्या पडला. तिथं काय दिसलं ते लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

पोर येणार नाही. दोन महिने नाही, दोन वर्षं नाही, तिला वाटेल तेव्हाच. तुमच्या आईंना म्हणावं, चार लोक बोलतील त्या चौघांना माझा पत्ता द्या.

मुलांना भेटायला या, चहा करीन. पोरीशी बोलायचं असेल तर ती हो म्हणाली तरच, आणि मी समोर बसलेली असताना.

रविवारी घ्यायला येताय ना, या. तुम्ही लिहिल्याप्रमाणे तयार ठेवलंय. तिन्ही नर, भोकं पाडलेल्या खोक्यांत, दाराबाहेर. ते उचला नि जा.

आधी पोरीची आई,
मग तुमची सासू