ओल्या भिंतीला थापी

हैदराबाद, ता. ४ फेब्रुवारी

ती. आबांस,

भारतचा सा. न. वि. वि. तुमी फोन कापून टाकता, म्हणून कागदावर लिहून राह्यलो. ह्यो कापता यायचा न्हाई.

हितं भिंत मशीन बांधती. लांब हातातून सिमेंटचा मसाला पिळत थरावर थर देती, जिलबी पाडावी तशी. चालवणाऱ्याच्या हाताखाली मी होतो. पण परवा घोळ झाला. भिंतीवर थरांच्या रेघा तशाच दिसत होत्या. गवंड्याच्या पोराला ते बघवंल का? थापी घेतली आन ओली भिंत साफ करायला गेलो. अर्धी भिंत पोट काढून खाली बसली! साहेबांनी मला पोते उचलायला लावलं.

मी मागंच लागलो. शेवटी म्हणले, महिन्याच्या शेवटच्या सोमवारी एक खोली एकट्यानं उभी कर. जमली तर मशीन तुझी, न्हाई तर पोतेच.

लोभ असू द्या, राग बी चालंल.

तुमचा भारत

आष्टी, ता. १२ फेब्रुवारी

ती. भारतदादास,

प्रेमलाचा नमस्कार. आबा सांगून राह्यले, मी लिहून राह्यले. ते म्हणतात, भिंतीला हात लावायचा न्हाई, हे कसलं गवंडीकाम? कल्याणमामाला जांबला खोल्यांचं काम भेटलंय, जोडीला माणूस पाहिजे, जल्दी निघून ये. पोतेच उचलायचे तर आष्टीच्या बाजारात काय कमी हायेत?

पत्र मात्र दोनदा वाचून घेतलं. मसाला किती वेळात घट्ट होतो ते विचार म्हणले, मंग म्हणले, नको लिहू. मी लिहिलं.

आई म्हणती, जेवत जा. माया हायेच.

प्रेमला

हैदराबाद, ता. २४ फेब्रुवारी

ती. आबांस,

सा. न. मसाला अर्ध्या तासात घट्ट होऊ लागतो. म्हणून तर काल सोमवारी खोली बांधताना जीव टांगणीला लागल्ता. दुपारी नळी तुंबली. खालचा थर वाळला की वरचा जोड धरत न्हाई, सगळी भिंत पाडावी लागती. नळी खोलली, धुतली, बराबर वेळेत पुन्हा सुरू केली. दिवस मावळायला खोली दरवाजाच्या वर जाऊन पुरी झाल्ती. साहेब चारी बाजूनं फिरले आन म्हणले, उद्यापासून मशीन तुझी.

मामाला सांगा, दुसरा माणूस बघ. मी येणार न्हाई. तुमी रागावलात तरी बिलकुल न्हाई.

तुमीच या. परतूरहून रेल्वे हाय, स्टेशनात मी उभा राहतो. ह्या खोलीला जोरात लाथ मारून बघा. हलली, तर त्याच गाडीनं तुमच्यासंगं परत येतो.

माया पातळ करू नका.

भारत