नाथूच्या बिडातला खरमोर

४ जुलै १९९३, रविवार

पहिल्या बसने नाथूसिंहच्या गावी. धार रोडभर छातीत धडधड. बसमुळे की कॅमेऱ्यामुळे, कळत नाही. सुधीरने स्टुडिओतला मोठ्या लेन्सचा कॅमेरा दिला आणि बजावलं, बाबा, पट्टा गळ्यातून काढायचा नाही. जेवतानाही काढला नाही. नाथूची आई हसली. तिला सगळं गाव जीजी म्हणतं.

नाथूचं बीड, म्हणजे गुरांसाठी राखलेलं गवताचं रान, हिरवंगार. गवत मांडीपर्यंत. दुपारपर्यंत काही नाही. मग ढग आले आणि टर्र असा आवाज, बेडकासारखा. गवतातून खरमोर सरळ वर उसळला, पुरुषभर उंच. पंख फडफडवले, पाय हवेत, आणि खाली. एवढंच. बटण दाबेपर्यंत नुसतं गवत. काळा, कोंबडीएवढा, पंखावर पांढरं, डोक्यामागे तुरे. पुस्तकात याला तणमोर म्हणतात. इथे खरमोर.

आधी अशा बिडांतून पुष्कळ होते, जीजी सांगते. आता सगळीकडे सोयाबीन. नाथूनेही मिल बंद होऊन गावी आल्यावर अर्धं बीड मोडलं. उरलेलं आता पावसाची उघडीप मिळाली की मोडणार. ट्रॅक्टरवाल्याशी बोलून झालंय. म्हटलं, हा पक्षी गवतातच अंडी घालतो. नाथू म्हणाला, "अन् मी काय करू भिया, मी कशात अंडी घालू?"

एकाच मिलमधून दोघं बाहेर पडलो. मला सुधीर तरी आहे.

वनखात्याचे साहेब म्हणतात, तुमच्या नुसत्या सांगण्यावर मी वर काय लिहू? नाचतानाचा फोटो आणा, जागा ओळखू आली पाहिजे, पावसाळा संपायच्या आत. माणूस चांगला आहे. फोटो आणला तर नक्की काय करणार, हे विचारायचं राहून गेलं.

६ जुलै

रोल धुतला. सुधीर अंधाऱ्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, गवत फार छान आलंय." सगळा रोल गवत. त्याला राग येणं बरोबर आहे. नाक्यावर मशीनवाली कलर लॅब झाली, एका तासात फोटो देतात. गिऱ्हाईक तिकडे जातंय आणि मी इकडे गवताचे फोटो काढतोय.

८ जुलै

ऊन पडलं. सौ.ने पापड वाळत घातले. माझा जीव खालीवर. इथे उघडीप म्हणजे तिथे ट्रॅक्टर. शिवाय कुत्री आहेत, कोल्हे आहेत, गलोलवाली पोरं आहेत, गुरं आहेत. मादी अजून दिसलीच नाही. दिसत नाही हेच चांगलं की...

संध्याकाळी पाऊस. पापड भिजले. मला बरं वाटलं. सौ.च्या लक्षात आलं.

११ जुलै, रविवार

आज युक्ती सुचली. पक्षी उडी मारतो ती जागा ठरलेली. पण गवत सगळं सारखं, कॅमेऱ्याला डोळा लावला की जागा हरवते. खूण पाहिजे. खिशात लाल दोऱ्याचं रीळ होतं. असतंच. फोल्डिंग खात्यात आयुष्य गेलं. कापडाच्या थानात, ताग्यात, खोट दिसली की काठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे पुढच्याला शोधावं लागत नाही. तो तिथे दिसत नाही तेवढ्यात आत गेलो आणि बोरीच्या झुडपाला दोरा बांधून आलो. लांबून ठळक दिसतो. लेन्स त्यावर धरून बसलो.

दोनदा उडाला. दोन्ही वेळा बटण दाबलं. देवा.

१३ जुलै

एका फोटोत पंखाचं टोक. दुसऱ्यात काळा डाग. सुधीर म्हणाला, बाबा, जवळ आलात. हसला नाही.

१८ जुलै, रविवार

काहीतरी चुकलंय.

बोरीला आणखी दोरे. माझा एक, आणि देवळाबाहेर मिळतो तो लाल-पिवळा लच्छा, तीन-चार ठिकाणी. खाली दगडाला कुंकू. जीजीला विचारलं. ती हळू आवाजात म्हणाली, रातोरात धागा आला, गावातल्या कुणी बांधलेला नाही. माताजी प्रकटल्या. आधी तिने बांधला, मग शेजारणींनी.

चहा घेतला. बशीत सांडला.

बायका गेल्यावर फार वेळाने खरमोर उडाला, पण बोरीपाशी नाही. पलीकडे, मोडलेल्या रानाच्या कडेला.

१९ जुलै, सोमवार

हरियाली अमावस, आपली दिव्यांची अवस. आज तिथे गर्दी असणार. गेलो नाही, घरीही बसवेना. सौ. म्हणाली, खजराण्याच्या गणपतीला चला. गेलो. तिने देवळाच्या भिंतीवर नवसाचं उलटं स्वस्तिक काढलं. विचारलं, काय मागितलंस? म्हणे, सांगायचं नसतं. मी पाऊस मागितला, रोज, थोडा थोडा. बोरीवरचे दोरे नाहीसे व्हावेत हेही मागणार होतो. तिथे उभं राहून तसं मागणं बरोबर वाटलं नाही.

२५ जुलै, रविवार

बोर लाल झाली आहे. नारळाच्या करवंट्या, उदबत्त्या, लाल कापडाचा तुकडा. बांधापासून बोरीपर्यंत गवत तुडवून वाट पडली. एक बाई मुलाला कडेवर घेऊन वाट सोडून गवतातून चालली होती. तिला थांबवायला हात वर केला, तिला वाटलं नमस्कार करतोय. तिनेही केला.

मादी दिसली. पहिल्यांदा. भुरकट, नरापेक्षा थोडी मोठी, मान वर काढून स्तब्ध. वाटेपासून लांब नाही. अंडी असतील तर तिथेच कुठेतरी. फोटो न घेता मागे सरकलो.

नाथूला बाजूला घेऊन सगळं सांगायला लागलो. त्याने मध्येच थांबवलं. म्हणाला, "तू काय सांगतो मला. सारी उमर माझ्या मागावरच्या थानांवर तू हीच गाठ मारली. पगार कटायचा माझा. ही गाठ मी नाही ओळखणार?"

मग बोलला का नाहीस?

म्हणाला, ट्रॅक्टरवाला आला होता. जीजी बिडाच्या तोंडाशी आडवी बसली. माताजीच्या जागेवर नांगर नाही. ट्रॅक्टर परत गेला. "आता तू ठरव. जीजीला खरं सांग, सगळे जातील, परसों मी ट्रॅक्टर बोलावतो. नाही सांगायचं तर गप बस, लोक येत राहतील. मी कशातच नाही."

बसमध्ये माझा थांबा निघून गेला असता, कंडक्टरने हलवलं म्हणून उतरलो.

२८ जुलै

सुधीर म्हणतो, सांगून टाका, बाबा. अंधश्रद्धा आपण सुरू केली, आपणच संपवायची. आणि ट्रॅक्टर? तो अंधाऱ्या खोलीत शिरतो.

सौ. म्हणते, सांगू नका. कुणाचा देव काढून घ्यायचा नसतो. आणि ती अंडी पायाखाली गेली तर? ती भांडी आवरायला घेते.

दोघं गाढ झोपतात.

३० जुलै

साहेबांकडे जाऊन आलो. पंखाच्या टोकाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला. हा कावळाही असू शकतो म्हणाले. त्यांची बदली व्हायची बोलणी चालली आहेत. लवकर आणा म्हणाले.

१ ऑगस्ट, रविवार

सांगायचं ठरवून गेलो. बसमध्ये वाक्य जुळवलं होतं: जीजी, तो दोरा माझा.

जीजीने खाटेवर बसवलं. ताक दिलं. मी घसा साफ केला तेवढ्यात तीच म्हणाली, "भिया, तुला सांगते, कुणाला बोलू नको. मी मिल मागितली आहे. मिल चालू झाली की नाथू परत इंदूरला जाईल, अन् हे बीड जसं होतं तसं राहील."

मिलची मशिनं भंगारात निघाली, मी डोळ्यांनी पाहिली आहेत. नाथूनेही. घरी सांगितलेलं दिसत नाही.

माझं वाक्य विसरलो. दुसरंच काहीतरी तोंडून आलं. म्हणालो, जीजी, मला स्वप्न पडलं. माताजी म्हणाल्या, गवत उभं आहे तोवर माझ्या अंगणात पाय नको. दिवाळीनंतर या. तोवर बांधावरून हात जोडा.

स्वप्न मला कधी पडत नाही. झोपच नाही तर स्वप्न कुठून.

जीजीने तोंड जवळ आणून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी तिला मी आरपार दिसत असेन असं वाटलं. मग म्हणाली, "पाय नको म्हणजे तुझाही नको. तुझ्या गळ्यातल्या डब्याचाही नाही."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

४ ऑगस्ट

बांधावरून फोटो निघत नाही. सुधीरला विचारलं, याहून मोठी लेन्स मिळते का. मिळते, बाहेरून यायला लागल्यात आता. किंमत ऐकून मीच विषय बदलला.

फोटो नाही तर साहेबांचा कागद नाही. कागद नाही तर दिवाळीपर्यंतच. पुढे माझं स्वप्न पुरणार नाही.

८ ऑगस्ट, रविवार

जीजीने स्वप्नातला शब्द पाळला. बांधावर काटेरी फांद्या टाकून वाट अडवली आहे. बायका बाहेरूनच नारळ ठेवतात. तुडवलेलं गवत पुन्हा उभं राहतंय. खरमोर परत बोरीपाशी आला. दुपारभर नाचला, मी बांधावर बसून मोजायचंही विसरलो. कॅमेऱ्यातून मुंगीएवढा.

नाथू शेजारी येऊन बसला. विडी पेटवली. म्हणाला, जीजी झोपली आहे. जा आत. एक फोटो काढ अन् ये. कोण बघतंय.

नको म्हटलं.

"तुझ्या साहेबाला काय दाखवणार? काटे?"

साहेब कधी जातील सांगता येत नाही. पावसाळा अर्धा सरला. नंतर पक्षी जाईल कुठे कोण जाणे, आणि बीड इथेच, नाथूच्या नावावर. हे सगळं डोक्यात फिरलं आणि मी फांदी बाजूला सारली. एकेक पाऊल चाचपून टाकत गेलो, खाली अंडी असतील म्हणून. गवतात उकिडवा बसलो. टर्र झालं. उसळला, एवढ्या जवळ की पंखांचा वारा लागल्यासारखं वाटलं. मागे बोर, तिच्यावर दोरे, वर तो. बटण दाबलं. एकदाच.

परत येऊन फांदी होती तशी लावली. जीजी ओसरीवर खाटेवर, तोंड बिडाकडे. डोळे मिटलेले. मी रामराम म्हटलं नाही, तिनेही काही म्हटलं नाही. पण हातातली माळ सरकत होती. की वाऱ्याने हलली? म्हातारी माणसं झोपेतही माळ ओढतात. सौ.ची आई ओढायची.

नाथूला विचारायला हवं होतं, ती नक्की झोपली होती ना. बस सुटत होती.

तिने पाहिलं असेल तर माझं स्वप्न खोटं ठरलं. पुढच्या रविवारी काटे जागेवर आहेत का, आत पाऊलवाट पडली आहे का, ते आधी बघायचं. रोल कपाटात ठेवलाय. सुधीरने दोनदा मागितला. उद्या देतो म्हटलं.