गुण जाईल म्हणून

मिरजोळे, १४ जानेवारी २०२४

चि. निशिगंधास, दमयंतीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहिते. यांचं बारावं आटपलं. आई माझ्याशी बोलत नाहीत. यांना कुत्रं चावलं तेव्हा रघूबाबांनी झाडपाल्याचं औषध देताना बजावलं होतं, कुणाकडे बोललात तर गुण जाईल. आम्ही तोंडं शिवली. पुढे अंगात ताप असताना हे फवारणीला आंब्याच्या कलमावर चढले आणि पडले. तुझ्या हॉस्पिटलात मेंदू मृत झाल्याचं सांगितलं, तेव्हा तुझ्याच शब्दावर मी अवयव द्यायला हो म्हटलं. पण कुठलं जनावर चावलं होतं का, असं तू विचारलंस नि माझ्या तोंडून निघून गेलं. मग तुम्ही काहीच घेतलं नाहीत. आई म्हणतात, सुनेनं गुण घालवला नि लेकीनं पुण्य. निदान डोळे तरी घ्यायचे होतेस गो! घरातली पहिली पदवीधर तू, तूच सांग, बोलले ते चुकलं का?

तुझी,
वहिनी

कोल्हापूर, २२ जानेवारी

ती. वहिनीस, निशिगंधाचा सा. न. वि. वि.

काल फोनवर बोलू लागले तर आईनं फोन ठेवला. हे तिला वाचून दाखव.

दादाच्या तपासणीचा अहवाल आला. रेबीजच होता. तो डोळ्यांतून, किडनीतून दुसऱ्याच्या अंगात जातो. गावोगाव अवयवदानाची भाषणं देणारी मी, मलाच आपल्या भावाचे अवयव नको म्हणावे लागले. पण ज्यांना त्याचे अवयव मिळायचे, ती माणसं अजून वाट पाहताहेत. तू बोललीस म्हणून जिवंत आहेत.

तुझ्याशी खोटं लिहवत नाही. चावल्याबरोबर इंजेक्शनं घेतली असती, तर दादा बहुधा वाचला असता.

तापात तुम्ही त्याला भरवलंत, लाळ पुसलीत. दोघी आजच सिव्हिलला जाऊन इंजेक्शनं घ्या. मला आता तुम्ही दोघीच आहात.

तुझी,
निशू

मिरजोळे, ५ फेब्रुवारी

चि. निशूस, आशीर्वाद.

पत्र वाचताना ‘वाचला असता’पाशी मी अडले. आई एवढंच म्हणाल्या, वाच. मग परसात जाऊन बसल्या.

इंजेक्शनं सुरू आहेत. परतताना रिक्षातल्या अनोळखी बाईला त्यांनी सांगितलं, माझ्या लेकाला कुत्रं चावलं, आम्ही गप्प बसलो, तुम्ही बसू नका. काल रघूबाबांच्या अंगणात उभं राहून तेच ओरडून आल्या. सगळी वाडी ऐकत होती.

माझ्याशी अजून बोलत नाहीत. पण जेवायला बसताना माझं पान आधी वाढतात.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी