मोठ्या जावयाच्या पस्तीस मेंढ्या

३ मार्च

सासऱ्यांनी आज बोलावून घेतलं. ते आता थकलेत. मेंढ्या, शेड, कुरण, सगळं कुणा एकाच्या हाती सोपवणार म्हणाले. उमेदवार दोन. एक मी, म्हणजे मोठा जावई. दुसरा माझा साडू, हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आता यात विचार करण्यासारखं काय आहे? वयाने मी मोठा, जावई म्हणून मी आधीचा, आणि लोकर कातरण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. चार मिनिटांत एक मेंढी मोकळी. साडू एकीला पंधरा मिनिटं घेतो, वर मध्ये थांबून तिच्याशी बोलतो. मी त्याला हळूराव म्हणतो. मनातल्या मनात, कारण हिला आवडत नाही.

भानगड अशी की ज्या मेंढ्यांना नीट वागवलं जातं त्यांचीच लोकर यापुढे गिरणी घेणार. मे महिन्यात तपासायला गिरणीची बाई येईल. तोवर शेडच्या मधोमध जाळी, पस्तीस मेंढ्या माझ्या आणि पस्तीस त्याच्या. बाई ज्याला पास करील त्याच्याकडे सगळा कारभार.

संकल्प एक: पास होणे. संकल्प दोन: माझ्या बाजूचा नळ गळतो, खाली चिखल होतो, त्याचा वायसर बदलणे. उद्याच.

५ मार्च

वायसरचं दुकान बंद होतं. म्हणजे गेलो नाही, पण बंदच असणार.

हळूराव सबंध सकाळ मेंढ्यांमध्ये बादली पालथी घालून नुसता बसला होता. काय चाललंय विचारलं तर म्हणे, ओळख करून घेतोय. पस्तीस मेंढ्यांची एकसारखी तोंडं, त्यात ओळख कसली डोंबलाची? शुद्ध देखावा. ही मात्र जाळीपाशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. दहा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

९ मार्च, रात्री

आज कातरणी. मशीन हातात घेतलं आणि जेवायच्या आत पस्तीसच्या पस्तीस मोकळ्या! हळूरावच्या तोवर आठ झाल्या होत्या. आठ!

ओरखडे आले थोडे. चार-पाच. बरं, अकरा मेंढ्यांना. त्यातल्या दोघींना जरा खोल. ही एक शब्द न बोलता औषधाची बाटली घेऊन आली आणि एकेकीला लावत बसली. तिचं हे न बोलणं फार डोक्यात जातं. लोकर काढायची म्हणजे थोडं लागणारच. मला दाढी करताना लागतं, मी कुठे तक्रार करतो?

संध्याकाळी मेव्हणी आली. तिच्या नवऱ्याच्या मेंढ्यांना म्हणे एकसुद्धा ओरखडा नाही. हे तिने हिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

२२ मार्च, सकाळी

तीन मेंढ्या लंगडतायत. कानातल्या बिल्ल्यांवर नंबर तीन, अकरा, वीस. नखरे आहेत. ही म्हणते, खूर ओलाव्याने खराब होतात, तेवढा नळ दुरुस्त करा. मेंढ्यांना गारवा आवडत असेल, हा विचार कुणी का करत नाही?

तरी बाईंनी लंगडी मेंढी पाहिली तर मार्क कापणार. उपाय हवा.

त्याच दिवशी, दुपारी दीड

उपाय केला. हळूराव जेवायला घरी जातो तेव्हा जाळीचं फाटक उघडून तीन, अकरा, वीस त्याच्या बाजूला सोडल्या आणि त्याच्या तीन धडधाकट इकडे घेतल्या. पाच मिनिटांचं काम. बिल्ले वाचायला त्याला चष्मा लागतो आणि चष्मा तो कायम घरी विसरतो. डोकं लागतं अशा गोष्टींना.

१० एप्रिल

मी थक्क झालो आहे. हळूरावच्या ज्या तीन धडधाकट मेंढ्या मी आणल्या, त्या आता लंगडतात. आणि तीन, अकरा, वीस तिकडे टुणटुण उड्या मारतायत!

अर्थ उघड आहे. त्याने आतून पोखरलेला माल माझ्या माथी मारला. वरून किती साधा दिसतो माणूस.

दुपारी पुन्हा अदलाबदल केली. या वेळी पाच.

वायसर आणला. मापाचा निघाला नाही. बदलून आणायचा आहे.

२६ एप्रिल

पुन्हा तेच. तिकडे गेलेल्या पाचही सुधारल्या, इकडे आलेल्या बिघडल्या. हा माणूस करतो तरी काय? आज जाळीआडून पाळत ठेवली. करत काहीच नाही! कोरडं गवत अंथरतो, एकेकीला आडवी करून खूर तासतो, औषध फवारतो, वहीत काहीतरी लिहितो. बस. एवढ्यावर जर मेंढ्या सुधारत असतील तर मीही केलं असतं. कुणी सांगायला तर हवं.

आज सात बदलल्या.

२ मे

आज खरं लिहितो, नाहीतरी वाचणार कोण. मला त्याचा हेवा वाटतो. नुसता हेवा नाही, जळफळाट होतो. तो शेडमध्ये शिरला की मेंढ्या माना वर करतात आणि सरळ त्याच्याकडे चालू लागतात. त्याच्या हातात काही नसतं. मी शिरलो की पस्तीसच्या पस्तीस पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटतात. पंधरा वर्षं झाली माझ्या लग्नाला, त्याच्या लग्नाला सहा. सासरे त्याला आपणहून बोलावून त्याच्याशी गप्पा मारतात, मला कामापुरतं विचारतात. आणि हल्ली मी खोलीत आलो की हीसुद्धा उठून आत जाते.

वरचं सगळं खोडून टाकायचं आहे. पण पेन नीट चालत नाहीये.

१२ मे

बाई आल्या. पायांत गमबूट, हातात याद्या. मी तयारीत होतो, गिरणीची नियमांची पुस्तिका तोंडपाठ केली होती. पान नंबरासकट. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या बाजूला जाऊन त्या मला म्हणाल्या, तुम्ही जरा आत या. मी गेलो. मेंढ्या भिंतीकडे पळाल्या, दोघी तर बाकीच्यांच्या अंगावर चढल्या. बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी अंगावरचे वण मोजले, पायाखालचा चिखल बघितला, लंगड्या मोजल्या. आठ निघाल्या. दोन आदल्या दिवसापर्यंत ठीक होत्या, शपथेवर सांगतो.

मग बिल्ले वाचायला लागल्या.  यादीप्रमाणे माझ्या असलेल्या कितीतरी मेंढ्या तिकडे, तिकडच्या तितक्याच इकडे. हे कसं झालं, असं त्यांनी साडूला विचारलं. त्याच्या वहीत सगळं होतं, कुठली मेंढी कुठल्या दुपारी आली, कुठला पाय धरत होती, किती दिवसांत बरी झाली. म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्याला. आणि बाईंना म्हणाला काय, तर फाटकाची कडी ढिली आहे, आल्या असतील चालत.

सासऱ्यांसमोर मला वाचवलं. मला! खोटं बोलायचं तर तेही माझ्यापेक्षा चांगलं बोलला.

साडू पास. मी नापास.

१३ मे

हा निकाल मला मान्य नाही. परक्या बाईला बघून माझ्या मेंढ्या बावरल्या. तिकडच्या का बावरल्या नाहीत, हा प्रश्न हिने विचारला. मी उत्तर दिलं नाही, कारण प्रश्नात कुत्सितपणा होता.

दुपारी सासऱ्यांकडे गेलो. म्हटलं, मामा, कागद सोडा, मेंढ्यांनाच विचारा. सहा दिवसांनी मधलं फाटक उघडू, दोन्हीकडे आम्ही दोघं उभे राहू, ज्या जिकडे जातील तिकडे जातील.  नको जावईबापू, म्हणाले. मी हट्टच धरला. शेवटी हो म्हणाले.

बाजी मारली. खायला घालणाऱ्याला जनावर विसरत नाही. आजपासून दोन्ही वेळा भरडा, माझ्या हातून.

१६ मे

भरडा जोरात चालू आहे. बाळांनो, सोन्यांनो अशी हाक मारतो. मी बाहेर गेल्यावरच खातात. लाजतात.

१९ मे

सगळे जमले होते. सासरे, ही, मेव्हणी. मी भरड्याची बादली घेऊन उभा. साडू पलीकडे, हात रिकामे. त्याला तर हे सगळं नकोच होतं. सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, साडूभाऊ, आपण दोघं मिळून बघू की सगळं, हे कशाला? मी म्हटलं, घाबरलास का?

सासऱ्यांनी फाटक उघडलं. मी बादली वाजवली.

पहिली गेली. मग दोन. मग एकदम सगळ्या घुसल्या. फाटकात चेंगराचेंगरी. माझ्या, त्याच्या, अदलाबदल केलेल्या, सगळ्या तिकडे. मी बाळांनो बाळांनो करत होतो. तिकडची एकही इकडे आली नाही.

पण एक राहिली! भिंतीपाशी बसून होती, जागची हलली नाही. फाटक उघडं होतं, बाकीच्या डोळ्यांदेखत गेल्या, तरी ही गेली नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी जाऊन तिच्या गळ्यात हात घातला, तरी ती पळाली नाही. मी ओरडलो, "मामा, बघा! एक तरी आहे माझी!"

 साडू फाटकातून इकडे आला, तिच्याजवळ बसला, पुढचा पाय हळूच उचलून खूर बघितला. मग दुसरा बघितला.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "हिला उठताच येत नाहीये."

मग अगदी हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं, त्याने विचारलं की ही कधीपासून बसून आहे. मला सांगता येईना. सहा दिवस मी दोन्ही वेळा तिथेच भरडा टाकत होतो.

सासरे घरी गेले. मेव्हणी गेली. ही थांबली, पण माझ्याकडे बघत नव्हती. निर्णय कुणी मोठ्याने सांगितला नाही, सांगायची गरजही नव्हती.

साडूने चाकू आणि औषध मागवलं आणि मला म्हणाला, जरा पाय धरता का. मी धरला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळून खूर बघितला. आत सगळं सडलं होतं, वास येत होता. त्याने साफ करायला सुरुवात केली तेव्हा तिने एकदा झटका दिला, मग अंग सैल सोडलं. पाय माझ्या हातात होता. बघत मात्र ती त्याच्याकडे होती.