चांदी म्हणजे काय, याची तळटीप

कसबा बावडा, कोल्हापूर

तीर्थरूप अक्का,

सोमूचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर गावातली माणसं आधी वाटायची तेवढी देखणी नाहीत, असं तू फोनवर म्हणाली होतीस. ते दाजींना उद्देशून नसावं अशी आशा आहे. त्यांना माझा नमस्कार सांग. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, त्यामुळं कागद जास्त लागलेत. पण सावकाश वाच, कुणाकडून वाचून घेऊ नकोस. का ते पुढं कळेल.

आमच्याकडे सगळं ठीक आहे, फक्त घरात प्रबंध आहे. तुला ठाऊकच आहे, सुष्मिता शाळेतून निवृत्त झाली आणि पुढल्याच महिन्यात तिनं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय ‘सीमाभागातील पाळणे’, म्हणजे आपल्याकडे अर्धे मराठी अर्धे कानडी म्हणतात ते. मीही बँकेतून मोकळा झालेला. ती म्हणाली, तुम्ही नुसतं टाइप करा आणि तळटिपा बघा. मला वाटलं, तळटीप म्हणजे पानाखाली बारीक अक्षरात लिहायचं, कोण वाचतंय. अक्का, सगळे तेच वाचतात. तिच्या मार्गदर्शक डॉ. पूर्णिमा तर वरचं पान झाकून खालचं वाचतात. (ही पूर्णिमा सातवीत सुष्मिताच्याच वर्गात होती. अजून तिला ‘बाई’ म्हणते, पायाही पडते, आणि मग लाल पेन काढते.)

पुस्तकाचं सोपं असतं. आधी आडनाव, मग नाव, मग पुस्तक, प्रकाशक, गाव, साल, पान. पण पाळणे पुस्तकात कुठं असतात? ते असतात बायकांच्या तोंडात, आणि बायकांना पान क्रमांक नसतो. सीमेवरच्या एका गावातल्या चिमणाबाईंनी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत फोडत आम्हाला सुंदर पाळणा दिला. मी त्यांच्या नावाची नोंद वाचून दाखवली, तर त्या शेंग हातातच धरून माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, “गाणं माझं, आडनाव त्येंचं, आन् म्होरं कोण? त्येच?” हा प्रश्न मी पूर्णिमांच्या कानावर घातला. त्यांनी पेन खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि ‘पद्धत तशी आहे’ असं अगदी बारीक आवाजात सांगितलं. एक पाळणा बारशाच्या पत्रिकेवर छापलेला सापडला, त्यात कवीच्या जागी मंडप डेकोरेटरचं नाव होतं. एक सुष्मिताच्या मोबाइलवर आला, तो इतक्या जणांनी पुढं ढकललेला होता की मूळ गाणारी कोण हे देवालाच माहीत. ती नोंद ‘अज्ञात’ म्हणून गेली. तिच्यामागून ऐकू येणाऱ्या कोंबड्याला मात्र तळटिपेत जागा मिळाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

सगळ्यात घोळ टेम्पोनं घातला. आमच्या गल्लीत बाळासोचा टेम्पो आहे, तो मागं घेताना पाळण्याची चाल वाजते. सुष्मिताला ती चाल हवीच होती. मी मोबाइल धरून रस्त्यात उभा राहिलो आणि त्याला म्हटलं, घे मागं. पहिल्यांदा कुत्रं भुंकलं, दुसऱ्यांदा शेजारणीनं ‘काय झालं हो’ विचारलं, पुढच्या वेळी मीच शिंकलो. शेवटी बाळासो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “काका, आनि किती मागं घिऊ? पल्याड गटार हाय.” याचा संदर्भ द्यायचा कसा ते कुठल्याच नियमावलीत नव्हतं. पूर्णिमांनी दोन दिवस घेतले आणि ‘ध्वनिमुद्रण, वाहन, स्थळ, दिनांक’ असा मार्ग काढला. बाळासोनं ते पान मागून घेतलं आणि टेम्पोच्या काचेवर आतून चिकटवलं.

यातूनच मला ‘तत्रैव’ हा शब्द मिळाला. आत्ताच जो संदर्भ दिला तोच पुन्हा द्यायचा असेल तर सगळं न लिहिता ‘तत्रैव’ लिहायचं, म्हणजे तिथंच. फार सोयीचा शब्द आहे. जेवायला काय करू, असं सुष्मिता विचारते तेव्हा मी तत्रैव म्हणतो, आणि ती पुन्हा दोडका करते.

आता मुद्द्यावर येतो. (इथपर्यंत येताना तू दोनदा चष्मा पुसला असशील.) उन्हाळ्यात सुष्मिता तुझ्याकडे आली होती, तेव्हा तू तिला आपल्या घरचा पाळणा म्हणून दाखवलास. तो तिच्या प्रबंधाचा कणा आहे. पहिली कडवी थोड्याफार फरकानं सगळीकडं मिळाली, पण शेवटचं कुठंच नाही. ज्या बाईला विचारावं ती म्हणायची, हे आमच्यात न्हाय. पूर्णिमा म्हणाल्या, “बाई, याचा आधार काय? ‘आमच्या वन्सं म्हणाल्या’ हा संदर्भ होत नाही. नाहीतर कडवं काढावं लागेल.” सुष्मिता कधी नव्हे ती त्यांच्यावर रागावली आणि घरी येऊन न जेवता बसली. मग तिनं त्या कडव्याला भक्कम आधार द्यायचा म्हणून अर्धं पान तळटीप लिहिली आणि मला टाइप करायला दिली. कडवं तुझंच, पण लिहितो:

चांदी आली दारी, हालु देती वाटीभर
नको हुडकू अव्वाला, मी हाय की घरभर

हे मी आयुष्यभर ऐकलंय. पण ऐकणं वेगळं आणि एकेक अक्षर दाबून टाइप करणं वेगळं. खाली सुष्मितानं लिहिलं होतं, हालु म्हणजे दूध, अव्वा म्हणजे आई, दोन्ही कानडी शब्द. इथंवर ठीक. पुढं होतं, ‘चांदी हे समृद्धीचे प्रतीक असून येथे लक्ष्मीचे आगमन सूचित होते. माता शेतात गेली असता बाळाची समजूत काढली आहे.’ मी टाइप करता करता थांबलो. म्हटलं, “अगं, चांदी म्हणजे आमची म्हैस.”

ती म्हणाली, “कुठली म्हैस?”

मी सांगायला लागलो. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून चांदी. मी चालायला लागलो तो तिच्या शेपटीला धरून, असं अप्पा सांगायचे. आणि ती घेतली कधी, तर अव्वा गेल्यावर. मी तान्हा होतो, दूध कुणाचं द्यायचं हा प्रश्न पडला, म्हणून अप्पांनी बाजारातून तिला आणली. एवढं बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. चांदी घरात आली तेव्हा अव्वा नव्हती. मग अव्वानं तिचं गाणं केलं कसं?

अक्का, मी उठून गॅलरीत गेलो. थोड्या वेळानं सुष्मिता चहा घेऊन आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं ते अर्धं पान पुसून टाकलं होतं.

तू तेव्हा चौथीत होतीस. माझ्यासाठी तुझी शाळा सुटली हे मला माहीत होतं, तसं कुणी ना कुणी सांगायचं. पण हे कुणीच सांगितलं नव्हतं. लहानपणी मी विचारायचो, अव्वा माझ्यासाठी काय म्हणायची? तू हाच पाळणा म्हणायचीस. माझ्याकडे अव्वाचं काही नाही, फोटोसुद्धा नाही, म्हणून हा एवढा पाळणा तिचा म्हणून मी जपला. आता कळलं की शाळेच्या वयाच्या पोरीनं त्यातलं शेवटचं कडवं केलं आणि आईच्या नावावर घातलं, भावाकडं आईचं काहीतरी असावं म्हणून. तुझं आहे हे कळल्यावर माझं काही कमी झालं नाही, उलटंच झालं.

पूर्णिमांना हे सुष्मितानं सांगितलं. लाल पेन त्यांच्या हातातच राहिलं. त्या म्हणाल्या, “मग बाई, त्यांना निवेदकांच्या यादीत कसं ठेवायचं? त्या कवयित्री आहेत.” आणि त्यांनी स्वतः तुझं नाव तिथून काढून मूळ कवींच्या यादीत घातलं. त्या यादीत सध्या तू एकटीच आहेस.

म्हणून परवा तुला फोन केला, तर तू “काय तरीच. अव्वाचंच हाय त्ये, अव्वाचंच लिवा,” म्हणून फोन ठेवून दिलास. मी पुन्हा लावला तर दाजींनी उचलला आणि तू गोठ्यात गेल्याचं सांगितलं. (तुमच्याकडे गोठा नाही, अक्का.) तुला लाज वाटते की अव्वाचं नाव पुसल्यासारखं वाटतं, मला माहीत नाही. पण अव्वाला यातलं काहीच कळलं नाही, गेली ती. तिच्यामागं घरभर कोण होतं, तेवढं कागदावर राहू दे. तुझी मर्जी नसेल तर कडवं काढू, पण दुसऱ्या कुणाच्या नावावर घालणार नाही.

दाजींना पुन्हा नमस्कार. तब्येत सांभाळ.

तुझा
सोमशेखर

ता. क. : नाव घालायचं ठरवलंस तर माहेरचं आडनाव घालू की सासरचं ते कळव. कडवं माहेरी केलंस, पण सासरच्या लोकांना वाईट वाटायला नको. आडनाव मागं घालायची परवानगी मी पूर्णिमांकडून काढून ठेवलीय.

ता. क. २ : उत्तर दोन ओळींचं का असेना, पण हातानं लिहून सही करून पाठव. व्यक्तिगत पत्राचा संदर्भ धरतात. फोन ठेवून दिल्याचा कसा द्यायचा, त्याला अजून नियम नाही. मी लिहिल्याचं सुष्मिताला माहीत नाही.

ता. क. ३ : वन्सं, नमस्कार. मी सुष्मिता. पाकीट उघडंच टेबलावर होतं. आडनावाची घाई करू नका, प्रबंध सहा महिने मागं गेला तरी मला चालेल. आपल्या अनुजाला आठवा लागलाय, बाळंतपणाला ती इथंच आलीय, आणि गेले आठ दिवस तिचे वडील आतल्या खोलीत दार लावून तुमचा पाळणा पाठ करतात. चाल टेम्पोची लागते. तुम्ही बारशाच्या आधीच राहायला या. गुडघ्यांची काळजी करू नका, तुम्हाला खुर्चीत बसून नुसतं म्हणायचंय. पाळण्याची दोरी मी ह्यांच्या हातात देणार आहे.